पारा चौतिसावर, तरी चक्कर का येते? कामाच्या जागी उष्णतेचा ताण कसा मोजायचा

वेंगुर्ल्याकडच्या एका काजू कारखान्यातल्या सुपरवायझरांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमच्या शेडमधला थर्मामीटर एप्रिल-मेमध्ये 34-35 च्या वर जात नाही. विदर्भात 44 मध्ये कारखाने चालतात. तरीही आमच्याकडे दुपारी दोननंतर सोलणीच्या खोलीत रोज कुणाला तरी चक्कर येते, कुणाच्या पायात गोळे येतात. मालक म्हणतात, बायका सकाळी काही न खाता येतात म्हणून होतं. हा उष्णतेचा त्रास आहे का? मोजायचा कसा, आणि किती आकड्याला काम थांबवायचं?"

आधी मालकांच्या म्हणण्याबद्दल. उपाशीपोटी आलेल्या बाईला त्रास लवकर होतो, हे खरंच आहे. पण एखाद्या दिवशी एकीला चक्कर आली तर नाश्त्याबद्दल विचारा. रोज त्याच वेळी, त्याच खोलीत, वेगवेगळ्या बायकांना त्रास होत असेल तर दोष त्या खोलीत आहे. उष्णतेच्या ताणाची ओळख पटवायची ही पहिली खूण. तिला यंत्र लागत नाही, चक्कर आलेल्यांची तारीख, वेळ आणि जागा लिहिलेली एक वही पुरते. ती आजच सुरू करा.

आता थर्मामीटरकडे येऊ. शरीर स्वतःच एक शेगडी आहे. माणूस नुसता बसला तरी शंभर-सव्वाशे वॅट उष्णता तयार होते, आणि पोती उचलताना ती चारशेच्या वर जाते. ही उष्णता बाहेर टाकली नाही तर आतलं तापमान चढत जातं. बाहेरची हवा थंड असेल तर काम सोपं असतं. हवा 33-34 ला आली की त्वचा आणि हवा यांच्यात फरकच उरत नाही, कारण त्वचा साधारण 35 ला असते. मग एकच वाट उरते ती घामाची. एक लिटर घाम तासाभरात पूर्ण वाळला तर जवळजवळ पावणेसातशे वॅट उष्णता घेऊन जातो. ही ताकद प्रचंड आहे, पण अट एकच: घाम वाळला पाहिजे. नाकावरून, कोपरावरून टपटप खाली पडणारा घाम शरीराला काहीही थंडावा देत नाही. तो फक्त पाणी आणि मीठ नेतो.

नेमका इथेच कोकण आणि विदर्भ वेगळे पडतात. नागपूरला 42 अंश आणि 20 टक्के आर्द्रता असताना ओल्या कापडातल्या थर्मामीटरचा, म्हणजे वेट बल्बचा आकडा 24 च्या आसपास येतो. आपल्याकडे मे महिन्यात 33 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असली की तोच आकडा सव्वाअठ्ठावीस-साडेअठ्ठावीस होतो. त्वचेवरची वाफ आणि हवेतली वाफ यांच्या दाबातला फरक घामाला ओढून नेतो. तो नागपूरच्या त्या हवेत जेवढा असतो, त्याच्या जेमतेम निम्मा आपल्याकडे उरतो. पावसाळ्यात दोरीवरचे कपडे जसे दोन-दोन दिवस ओले राहतात, तसा अंगावरचा घाम राहतो. सावलीतल्या माणसासाठी दोन्हीकडचा एकत्रित उष्णताभार, पुढे सांगतो त्या डब्ल्यूबीजीटी नावाच्या मापाने, मोजला तर तो जवळपास सारखाच, तिसाच्या आसपास भरतो. म्हणजे वेंगुर्ल्यातले 33 आणि नागपुरातले 42 शरीराच्या हिशेबात शेजारी-शेजारी बसतात. विदर्भाशी तुलना करताना हे मालकांना कागदावर मांडून दाखवा.

हवामान खात्याचा निकषही याची दखल घेतो. मैदानी भागात उष्णतेची लाट 40 अंशांपासून मोजायला घेतात, किनारपट्टीवर 37 पासून, आणि तेही पारा सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश वर असेल तर. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण सोहळ्याला आलेल्यांपैकी 14 जणांचा जीव गेला. त्या दिवशी पारा 38 च्या आसपास होता, आणि ती माणसं काम करत नव्हती, उन्हात बसली होती. कोकणात 38 हा आकडा ऐकून "एवढंच ना?" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगतो.

कामाच्या जागेसाठी जगभर जो आकडा वापरतात त्याचं नाव डब्ल्यूबीजीटी, म्हणजे वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर. 1950 च्या दशकात अमेरिकेच्या मरीन दलाच्या प्रशिक्षण तळावर रंगरूट उष्माघाताने कोसळत होते, तेव्हा तो तयार झाला. आज आयएसओ 7243 हे मानक त्यावरच उभं आहे. त्यात तीन मोजमापं असतात. एक, साधं हवेचं तापमान. दुसरं, ओल्या सुती वातीत गुंडाळलेला थर्मामीटर, जो घाम किती वाळेल ते सांगतो. तिसरं, काळ्या रंगाच्या पोकळ तांब्याच्या गोळ्याच्या मध्यभागी बसवलेला थर्मामीटर. हा गोळा, म्हणजेच ग्लोब, ऊन, तापलेला पत्रा, बॉयलरचं अंग यांतून येणारी झळ पकडतो. छपराखाली, ऊन नसताना, हिशेब असा करायचा: वेट बल्बचा आकडा गुणिले 0.7 अधिक ग्लोबचा आकडा गुणिले 0.3. उन्हात असाल तर वेट बल्ब गुणिले 0.7, ग्लोब गुणिले 0.2 आणि हवेचं तापमान गुणिले 0.1. ओल्या थर्मामीटरला सत्तर टक्के वजन दिलंय ते उगाच नाही.

तुमच्या शेडसारख्या जागेचं उदाहरण घेऊ. वर पत्रा, दुपारचे अडीच. हवा 35, वेट बल्ब 29, ग्लोब 39. हिशेब: 20.3 अधिक 11.7, म्हणजे 32. भिंतीवरचा थर्मामीटर 35 दाखवतो, पण ग्लोब त्याच्यापेक्षा चार अंश वर आहे, कारण डोक्यावरचा पत्रा खाली झळ मारतोय. साधा थर्मामीटर ही झळ धरत नाही. आता बी उकडायच्या कुकरजवळ जा. टरफलांवर चाललेला बॉयलर, वाफेची गळती, हवा 37, वेट बल्ब 30, ग्लोब 48. हिशेब 35.4 वर जातो. एखादा माणूस तासातली पंधरा मिनिटं तिथे आणि पंचेचाळीस मिनिटं शेडमध्ये असेल तर वेळेच्या प्रमाणात सरासरी काढायची, ती 32.9 येईल. नेहमी तासाभराची सरासरी घ्या, पूर्ण पाळीची नको. सकाळच्या गारव्याने दुपारचा ताप झाकला जातो.

मोजताना माणसं जिथे चुकतात ते सांगतो. यंत्र ऑफिसच्या दारात ठेवून उपयोग नाही, ते बाईच्या बसायच्या जागी ठेवायचं. बसून काम असेल तर जमिनीपासून 60 सेंटिमीटरवर, उभं काम असेल तर 1.1 मीटरवर, म्हणजे पोटाच्या उंचीवर. बॉयलरजवळ एका बाजूनेच झळ येते, तिथे घोट्याजवळ, पोटाजवळ आणि डोक्याजवळ असं तीन उंचींवर मोजून पोटाच्या आकड्याला दुप्पट वजन द्या आणि बेरजेला चारने भागा. मानक ग्लोब 150 मिलिमीटर व्यासाचा असतो, त्याला स्थिर व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. यंत्र लावल्यावर पाच मिनिटांत आकडा लिहून निघून जाणारे सल्लागार मी पाहिलेत, त्या कागदाला काही किंमत नाही. वात स्वच्छ सुती हवी आणि पाणी डिस्टिल्ड हवं. आपल्याकडे किनाऱ्यावर विहिरीचं पाणी मचूळ असतं, त्याचा क्षार वातीवर बसला की पाणी नीट चढत नाही आणि आकडा वर सरकतो. वातीवर पंखा मुद्दाम रोखू नका आणि तिला झळीपासून आडोसाही करू नका. कामगाराला जी हवा लागते तीच तिला लागू द्या.

बाजारात हातात धरायची छोटी यंत्रंही मिळतात. त्यांचा गोळा 40 मिलिमीटरच्या आसपास असतो आणि ओली वात नसते. ती आर्द्रतेवरून हिशेब करतात. रोजच्या देखरेखीला ती चालतात, पण बॉयलर, ड्रायर किंवा भट्टीजवळ त्यांच्यावर विसंबू नका. वर्षातून एकदा एप्रिलअखेरीस वात असलेलं पूर्ण यंत्र भाड्याने आणून दोन्ही शेजारी लावा आणि फरक लिहून ठेवा. मोबाइलवरचा "जाणवणारं तापमान" हा आकडा हवामान केंद्राजवळच्या सावलीचा असतो. तुमच्या पत्र्याची, तुमच्या वाफेची त्याला खबर नसते.

किती आकड्याला थांबायचं? आकडा एकटा काही सांगत नाही, तो कामाच्या श्रमाबरोबर वाचायचा. हवेला सरावलेल्या माणसासाठी आयएसओ 7243 प्रमाणे बसून हाताचं हलकं काम असेल तर 30, मध्यम श्रमाला 28, जड श्रमाला 26. न सरावलेल्या माणसाला हेच आकडे 29, 26 आणि 23 होतात. सोलणी-प्रतवारी हलक्यात येते. हाता-पायाने चालवायच्या यंत्रावर बी फोडणं मी मध्यमात धरतो. बियांची पोती वाहणं जड. म्हणजे आपल्या 32 च्या शेडमध्ये सगळ्यात हलकं कामसुद्धा मर्यादेच्या दोन अंश वर आहे. तुमच्या चक्करेचं उत्तर इथे आहे.

यावर नेहमीचा प्रश्न येतो: मग काय मे महिनाभर कारखाना बंद ठेवायचा? नाही. मर्यादा ओलांडली म्हणजे "आता विश्रांती, पाणी आणि वारा यांचं गणित बदला", असा तिचा अर्थ. अमेरिकेतली एसीजीआयएच ही संस्था मध्यम श्रमासाठी जी कोष्टकं देते ती मला व्यवहारात सोपी वाटतात: 28 पर्यंत पूर्ण तास काम, 29 ला तासातला पाऊण भाग, 30 ला अर्धा, साडेएकतीसला पाव. उरलेला वेळ खऱ्या गार जागेत बसून. त्याच पत्र्याखाली पाय पसरून बसणं ही विश्रांती नाही.

कायद्याचा आधार हवा असेल तर 1948 च्या कारखाना अधिनियमातलं कलम 13 वायुवीजन आणि तापमानाचं होतं; नोव्हेंबर 2025 मध्ये त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षेच्या नव्या संहितेने घेतली. त्याखालच्या नियमांत कामाच्या खोलीत दीड मीटर उंचीवर वेट बल्ब 30 च्या वर नको आणि हवा मिनिटाला किमान 30 मीटर वेगाने हलती हवी, असं मोजमाप आलं. मिनिटाला 30 मीटर म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर, अगदी मंद झुळूक. तरीही सोलणीच्या बऱ्याच खोल्यांत ती नसते. कारण तुम्हाला ठाऊक आहे: पंखा लावला की काजूची लाल साल खोलीभर उडते, म्हणून पंखे बंद आणि खिडक्याही बंद.

या पंख्याबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण कोकणात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय तोच आहे. विदर्भात हवा 43 ची असते तेव्हा पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. आपल्याकडे हवा बहुतेक वेळा त्वचेपेक्षा थोडी थंड असते आणि अंग घामाने चिंब असतं. अशा वेळी अंगावरून जाणारा प्रत्येक झोत घाम वाळवतो. म्हणून कोकणात वारा हेच औषध. साल उडते ना, मग पंखा टेबलावर मारू नका. भिंतीवरचा पंखा बाईच्या पाठीमागून, खांदा आणि मानेवर येईल असा तिरका लावा आणि टेबलाच्या पुढच्या कडेला वीतभर उंचीची आडवी पट्टी बसवा. समुद्राकडच्या भिंतीत खालच्या अंगाला झरोके आणि समोरच्या भिंतीत छपरालगत एक्झॉस्ट पंखे ठेवले तर दुपारचा खारा वारा आपणहून आत येतो. मार्चमध्ये कधी-कधी पूर्वेचा वारा जोर धरतो आणि समुद्रावरची हवा दुपारपर्यंत आत येतच नाही. ते दिवस सगळ्यात वाईट, तेव्हा काम लवकर उरका.

उलट, पाण्याचा कूलर किंवा धुक्याचे फवारे विदर्भात उत्तम चालतात म्हणून इथे आणू नका. आपली हवा आधीच ओली आहे. बंद खोलीत कूलर लावला की तापमान अंशभर उतरतं, पण वेट बल्ब होता तिथेच राहतो आणि कोंदटपणा वाढतो. पैसे खर्चायचेच असतील तर पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग द्या, पत्र्याखाली वीतभर पोकळी सोडून आडछप्पर करा, कुकरच्या वाफेवर हूड आणि धुराडं बसवा, वाफेच्या नळ्यांना लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं आवरण, करा, आणि बॉयलर व माणूस यांच्यामध्ये चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा उभा करा. हा पत्रा लावल्यावर ग्लोबचा आकडा कसा खाली येतो ते मालकांना समोर उभं करून दाखवा, पुढचा खर्च मागायला सोपं जाईल.

इतर कामांबद्दल त्रोटक लिहितो. जांभ्याच्या चिरेखाणीत खड्ड्यात वारा उतरत नाही, चहूबाजूंनी तापलेला दगड झळ मारतो आणि काम जड. तिथे पहाटेची हवा, समजा 25 अंश आणि 90 टक्के आर्द्रता, डब्ल्यूबीजीटी चोविसाच्या आसपास ठेवते. जे काय करायचं ते उजाडताच सुरू करून उन्हं चढायच्या आत संपवा. आंब्याच्या कॅनिंगमध्ये रिटॉर्टची, म्हणजे डबे उकडायच्या बंद भांड्याची, वाफ हा मुख्य शत्रू. महामार्गावर डांबर टाकणाऱ्यांना खालूनही झळ असते. लोटे किंवा महाडसारख्या रासायनिक पट्ट्यात वाफ न सोडणारा बंद पीपीई सूट घालून काम असेल तर मोजलेल्या आकड्यात 10-11 अंश मिळवा. हे वाचून खोटं वाटेल, पण मानकच तसं सांगतं, कारण त्या कपड्यात घाम वाळतच नाही. तिथे वीस-पंचवीस मिनिटांपलीकडे एका माणसाला आत ठेवू नये, असं माझं मत आहे.

सरावाचा मुद्दा विसरू नका. शरीर उष्णतेला सरावायला एक ते दोन आठवडे घेतं. घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, नाडी खाली येते. आठवडाभर दूर राहिलं की हा सराव ओसरायला लागतो, महिन्याभरात जवळपास जातो. म्हणून मेमध्ये नव्याने आलेली मुलगी, बाळंतपणानंतर परतलेली बाई, बागेत राखणीला नेपाळहून आलेला माणूस, होळीला गावी जाऊन आलेला उत्तरेकडचा कामगार, यांना पहिल्या दिवशी पूर्ण काम देऊ नका. नव्याला पहिल्या दिवशी पाचवा हिस्सा आणि रोज तेवढाच वाढवत जायचं. जुन्या माणसाला परतल्यावर निम्म्यापासून सुरुवात.

यंत्र नसलं तरी माणूस मोजता येतो. काम थांबवून बसवा आणि पहिल्या मिनिटाच्या दुसऱ्या अर्ध्यात नाडी मोजा, मग तिसऱ्या मिनिटाच्या दुसऱ्या अर्ध्यात पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे मिनिटाच्या हिशेबात आणा. तिसऱ्या मिनिटाला नाडी 90 च्या खाली आली तर ठीक. 90 च्या वर आहे आणि पहिल्यापेक्षा दहानेही उतरली नाही, तर काम त्या माणसाला झेपत नाहीये. पाळीच्या आधी आणि नंतर वजन करा. वजन दीड टक्क्याहून जास्त घटलं, म्हणजे 50 किलोच्या बाईचं पाऊण किलोहून जास्त, तर ती पाणी कमी पितेय.

आणि ती पाणी कमी का पितेय, हे तिला विचारा. मी जिथे-जिथे बायकांशी मोकळेपणाने बोललो, तिथे एकच उत्तर मिळालं: संडास लांब आहे, घाण आहे, किंवा उठलं की मुकादम बघतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्या, असे फलक लावून हे सुटत नाही. शेडजवळ स्वच्छ, कडी असलेला संडास हे उष्णतेच्या ताणावरचं उपकरणच आहे, असं मी अहवालात लिहितो. दुसरी गाठ किलोवरच्या मजुरीची. सोललेल्या किलोवर पैसे मिळणारी बाई विश्रांती घेणार नाही, कारण ती विश्रांती तिच्या पगारातून जाते. दुपारच्या विश्रांतीची मजुरी ठरावीक दराने दिली तरच ती उठेल. मालकांशी बोलताना हा मुद्दा सगळ्यात आधी काढा, यंत्राचा नंतर.

प्यायला कोकणात वेगळं काही आणायला नको. सकाळी मीठ घातलेली पेज, मधल्या वेळी कोकमाच्या आगळाचं पाणी किंवा लिंबू-मीठ-साखर. आगळात मीठ असतंच, वरून घालताना बेताने. रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावं. तासाला दीड लिटरपेक्षा जास्त नुसतं पाणी ढोसायचं नाही, त्याने रक्तातलं मीठ पातळ होतं.

शेवटी, कुणी कोसळलंच तर. चक्कर, मळमळ, गोळे आहेत पण माणूस नीट बोलतोय, तर सावलीत पंख्याखाली झोपवा, पाय उंच ठेवा, मीठ-साखर पाणी घोट-घोट द्या. माणूस बरळतोय, ओळखत नाहीये, झटके येताहेत किंवा शुद्ध गेली, तर तो उष्माघात. 108 ला फोन करा, पण गाडीची वाट बघत बसू नका. आधी थंड करा, मग हलवा. अंगावर बादल्यांनी पाणी ओता, पंखा लावा, मिळेल तेवढा बर्फ मान, काखा आणि जांघेत ठेवा. बंदराजवळ असाल तर मासळीचं मोठं बर्फाचं टब सगळ्यात चांगलं, डोकं धरून गळ्यापर्यंत पाण्यात बसवा. तोंडात पाणी घालू नका. अंगाला घाम आहे म्हणून उष्माघात नाही असं समजू नका, श्रमाने झालेल्या उष्माघातात घाम बऱ्याचदा असतो. आणि काखेतल्या थर्मामीटरवर 38 आला म्हणून थांबू नका, आतलं तापमान तेव्हा 40 च्या पुढे गेलेलं असू शकतं.